सुट्टी किती दिवसांची टाकू?

नाक, पोट, छाती, केस... प्लॅस्टिक सर्जरी ठरवताना आपण कॅलेंडर उघडतो ते ऑफिसचं. शरीराचं कॅलेंडर वेगळं असतं. आणि ते कसं चालतं याचं सगळ्यात गाजलेलं वर्णन पुण्याजवळचं आहे, २३० वर्षांपूर्वीचं!

"शुक्रवारी ऑपरेशन, शनिवार-रविवार आराम, सोमवारी सकाळी मीटिंगला हजर. जमेल ना, डॉक्टर?"

आपल्या पिढीचा हा हिशेब ठरलेला. नाकाचा उंचवटा काढायचा असो, पोटावरचे टायर उतरवायचे असोत किंवा टी-शर्टमधून दिसणारी छाती सपाट करायची असो (हो, मुलगेही ही सर्जरी करून घेतात, फक्त मित्रांनासुद्धा सांगत नाहीत), पहिला प्रश्न खर्चाचा आणि दुसरा सुट्टीचा. रजा किती शिल्लक आहेत, साखरपुडा कधी आहे, ऑनसाइटला कधी जायचंय, प्रोजेक्ट कधी संपतोय. या सगळ्यांच्या मधला एखादा रिकामा चौकोन शोधायचा आणि डॉक्टरांना त्यात बसवायचं.

गंमत म्हणजे ऑपरेशन बहुतेक वेळा दोन-चार तासांत उरकतंही. त्यात तुम्हाला काहीच करायचं नसतं, तुम्ही भूल घेऊन मस्त झोपलेले असता. तुमची ड्यूटी असते त्याच्या आधीचा महिना आणि नंतरचे कित्येक महिने. आणि गडबड होते ती बरेचदा तिथेच.

कावसजीचं नाक

जरा मागे जाऊ. १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, मराठे आणि निजाम एका बाजूला आणि टिपू सुलतान दुसऱ्या बाजूला असं युद्ध झालं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. (नाव ऐकून पारशी वाटेल, पण इंग्रजी वर्णनात तो मराठा आणि शेतकरी जातीचा असंच लिहिलंय.) वर्षभर बिचारा नाकाशिवाय वावरला. मग १७९३ साली पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं.

ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आली. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो या डॉक्टरानं आणि त्याच्या एका सहकाऱ्यानं अशी शस्त्रक्रिया स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचंही त्यात नमूद आहे. विलायतेतले डॉक्टर ते वाचून चाट पडले. जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं त्यावरून प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच पद्धत वापरली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपात आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीची गाडी तिथून सुटली. पुण्याजवळच्या मूळ सर्जनचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. कार्प्यूचं ठेवलं!

आता या वर्णनातला आपल्या कामाचा भाग बघा. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेनं रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक छोटी पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहील. मग ती कातडी अर्धी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी ताज्या केलेल्या कडांमध्ये बसवली. वरून पाण्यात कालवलेला काथ लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या, एकीवर एक. काथ म्हणजे विड्याच्या पानातला, तोच.

आणि इथून पुढे चक्क वेळापत्रक आहे. चार दिवस पट्ट्यांना हात लावायचा नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेली कापडं ठेवायची. पहिले पाच-सहा दिवस पेशंटनं उताणंच झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या गुंडाळ्या आत घालायच्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी कापायची आणि आकार थोडा सुधारायचा. छापून आलेलं चित्र तर ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी काढलेलं, जानेवारी १७९४ मधलं. कपाळावरचा व्रणही बऱ्याच काळानंतर फारसा जाणवत नाही, असं लिहिणारा लिहितो.

कॅन्सरनं किंवा अपघातानं नाक गेलेल्या माणसाला आजही कपाळाच्या कातडीनं नाक करून देतात आणि ती मधली पट्टी आजही साधारण तीन आठवड्यांनीच कापतात. मधल्या काळात भूल आली, अँटिबायोटिक्स आली, टाक्यांचा दोरा केसाहून बारीक झाला. पण नव्या जागी नव्या रक्तवाहिन्या फुटायला कातडीला लागणारा वेळ तेवढाच राहिला. तिला तुमची डेडलाइन कळत नाही.

जाता जाता एक. प्लॅस्टिक सर्जरीत प्लॅस्टिक भरतात असा समज अजून खूप जणांचा असतो. हा शब्द 'घडवणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. जर्मन सर्जन ग्रेफे यानं १८१८ मध्ये आपल्या पुस्तकाला 'ऱ्हिनोप्लास्टिक' असं नाव दिलं, तेव्हा बादल्या-डब्यांचं प्लॅस्टिक जन्मालाही यायचं होतं.

आधी सेल्फी, मग सर्जन

तयारीची पहिली पायरी रक्ताची तपासणी नाही. आपल्याला नक्की काय खुपतंय ते नीट बघणं ही आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक मजेदार गणित मांडलं. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. पाच फुटांवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. म्हणजे नाक न कापता नुसता हात लांब केला, तरी काम होऊ शकतं! मित्राला समोर उभं करून, फ्लॅश बंद ठेवून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या. तरीही खटकत असेल तर पुढे जा. "बॉयफ्रेंडला आवडत नाही" किंवा "प्रमोशन मिळत नाही" हे कारण असेल, तर ते नाकानं सुटेल का, हा प्रश्न कुठलाही बरा सर्जन तुम्हाला विचारतोच. न विचारता लगेच तारीख देत असेल, तर मला तरी तो संशयास्पद वाटतो.

सर्जन कसा निवडायचा? रिसेप्शनच्या सोफ्यावरून नक्कीच नाही. एम.बी.बी.एस., मग जनरल सर्जरी आणि त्यावर प्लॅस्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाव नोंदलेलं असतं, ते तपासता येतं. 'कॉस्मेटिक एक्स्पर्ट', 'ब्यूटी सर्जन' अशा पाट्यांना काही अर्थ नसतो. केशरोपण त्वचारोगतज्ज्ञही करतात, पण त्यांनी त्याचं रीतसर शिक्षण घेतलेलं हवं. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकानं एकाच बैठकीत हजारो केस रोवून घेतले आणि काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला, ही बातमी तेव्हा खूप गाजली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं स्पष्टच सांगितलं की वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून असल्या प्रक्रिया सुरू करणं चालणार नाही. असं आयोगाला लिहावं लागलं, यातच सगळं आलं.

केबिनमधून उठण्याआधी तीन गोष्टी बिनधास्त विचारा. भूल कोण देणार, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ तिथे असणार का? रात्री दोन वाजता श्वास लागला तर फोन कोण उचलणार? आणि काही बिघडलंच तर अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे की अँब्युलन्सनं जायचंय? पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये या शेवटच्या प्रश्नाला फार किंमत आहे.

पैशाचंही आधीच बोलून घ्या. केवळ दिसण्यासाठी केलेली सर्जरी आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतर अवयव पूर्ववत करण्याची सर्जरी, किंवा उपचार म्हणून गरजेची असलेली, बसू शकते. जीएसटीचंही तसंच. उपचार करमुक्त असतात, सौंदर्यासाठीची सर्जरी आणि केशरोपण त्यातून वगळलंय. कोटेशनमध्ये कर धरलाय की नाही ते बघा, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी नाकाआधी डोळे पांढरे व्हायचे.

एक महिना आधी: डबी बाहेर!

आता मुख्य व्हिलन. निकोटीन. ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं. प्लॅस्टिक सर्जरीत कातडी सोडवून हलवलेली असते, ती जगते त्या बारीक रक्तवाहिन्यांवर. रक्त पोचलं नाही की कड काळी पडते, जखम उसवते, व्रण रुंद होतो. म्हणून साधारण चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर सिगारेट पूर्ण बंद. 'फक्त चहाबरोबर एक' हीसुद्धा. वेपिंग, हुक्का आणि निकोटीनचं च्युइंगगम यांतही तेच निकोटीन असतं.

आणि आपल्याकडे सिगारेटचं नाव घेतलं की अर्धे लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात, कारण ते ओढत नाहीत. खातात! तंबाखू-चुना, गुटखा, मावा, तपकीर, मिश्री... हे सगळं निकोटीनच. गावाकडची कितीतरी शिकलेली माणसं सकाळी दात घासताना मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी "स्मोकिंग करता का?" विचारल्यावर अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. फॉर्ममधला प्रश्न चुकीचा असला तरी उत्तर पूर्ण द्या. शिवाय वर्षानुवर्षं गुटखा खाणाऱ्याचं तोंड पुरतं उघडत नाही. भूलतज्ज्ञाला श्वासाची नळी घालायची असते, त्यामुळे त्याला हे आधीच कळायला हवं.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. डोकं दुखलं की ड्रॉवरमधून काढून घेतो त्या अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, जिममधल्या मित्रानं दिलेल्या फिश ऑइलच्या आणि व्हिटॅमिन ई-च्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, यांनी रक्तस्राव वाढू शकतो. साधारण आठवडा-दोन आठवडे आधी यातलं काय बंद करायचं ते सर्जन सांगतो. पण हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ती स्वतःच्या मनानं मुळीच बंद करायची नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो, तेही बोला. आजीचा काढा, आयुर्वेदिक चूर्ण, वजन कमी करण्याची पावडर... "ते काय औषध आहे का!" असं म्हणून गाळू नका. सगळ्या बाटल्या पिशवीत भरून घेऊन जा, सगळ्यात सोपं.

आणि डाएट. सर्जरीच्या आधी 'थोडं बारीक होऊन जाऊ' म्हणून काकडीवर राहणं हा अगदी उलटा फंडा. जखम भरायला प्रथिनं लागतात, लोह लागतं. आपल्याकडे कित्येक मुली हिमोग्लोबिन दहाच्या खाली घेऊन आरामात ऑफिस करत असतात आणि थकव्याचं बिल लोकलच्या किंवा बसच्या नावावर फाडतात. तपासणी महिनाभर आधी केली, तर ते वाढवायला वेळ मिळतो. डाळी, उसळी, अंडी, पनीर, मटण, जे तुमच्या घरी चालतं ते खा. लायपोसक्शन किंवा पोटाची सर्जरी असेल तर वजन आधी काही महिने स्थिर हवं. ती वजन कमी करण्याची पद्धत नाहीच.

ऑपरेशनच्या सकाळी मामला सोपा. सहा ते आठ तास काही खायचं नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत डॉक्टर चालू देतात. पण मराठी माणसाचा घोळ होतो तो चहाशी. दुधाचा चहा हा खाण्यात मोजतात! "नुसता अर्धा कप घेतला" म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं, आणि ढकलावंच लागतं, कारण भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. नेलपेंट काढा, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतात. अंगठ्या, मंगळसूत्र, जोडवी, नथ, सगळं घरी.

तिसऱ्या दिवशीचा आरसा

हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबू. पहिल्या दिवशी तुम्ही खूश असता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त चढते. नाक झालं असेल तर डोळ्यांखाली जांभळं-निळं, नाकावर कडक पट्टी, नाक बंद म्हणून तोंडानं श्वास. पोट झालं असेल तर सरळ उभं राहता येत नाही, आजोबांसारखं वाकून चालावं लागतं. आणि तेव्हाच नेमकं मनात येतं, "काय करून बसलो हे!" रडू येतं. भुलीचा आणि वेदनाशामक औषधांचा परिणाम, अपुरी झोप, सुजलेला चेहरा, सगळं एकदम अंगावर येतं. हे इतक्या जणांना होतं की सर्जनच्या टीमला त्याचं काहीच नवल वाटत नाही. तुम्हालाही वाटू नये म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी निकाल लावायचा नाही आणि सेल्फी तर अजिबात काढायचा नाही.

मग खरा कार्यक्रम कसा चालतो? नाकाची पट्टी साधारण आठवड्यानं निघते. जांभळेपणा दहा-चौदा दिवसांत उतरतो, म्हणून सुट्टी निदान दोन आठवड्यांची टाका. डोकं उशा लावून उंच ठेवून झोपायचं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. चष्मा नाकावर टेकवायचा नाही, चार ते सहा आठवडे. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या चष्मेवाल्यांनी त्याचा बंदोबस्त आधीच करावा. घट्ट हेल्मेटही नाकावर दाबतं, त्यामुळे टू-व्हीलर काही दिवस पार्किंगमध्येच (हेल्मेट न घालणं हा त्यावरचा उपाय नाही, पुणेकरहो!). कपालभाती, सूर्यनमस्कार, जिम डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. आणि नाकाच्या शेंड्याची शेवटची सूज उतरायला वर्ष लागू शकतं. कावसजीचं चित्र दहा महिन्यांनी काढलं ते बरंच झालं.

लायपोसक्शन किंवा मुलांच्या छातीच्या सर्जरीनंतर घट्ट दाबाचा कपडा चार-सहा आठवडे घालावा लागतो. पुण्या-मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यात ही शिक्षा आहे, सर्जरी थंडीत केलेली बरी. पोटाच्या सर्जरीनंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही. लॅपटॉपची बॅगही जडच. पण पडून राहायचं असाही अर्थ नाही. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी हात धरून चालायला लावतात, कारण पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. एका पोटरीत दुखू-सुजू लागलं, धाप लागली, छातीत दुखलं, ताप चढला, एकाच बाजूला अचानक सूज-वेदना वाढली किंवा घाण वास येऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच फोन.

म्हणूनच हे सगळं घरच्यांपासून लपवणं महागात पडू शकतं. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड मालिकांतली अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर दगावली. आईवडिलांना न सांगता ती मैत्रिणींबरोबर गेली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. कळवलं असतं तर ती वाचली असती असं कुणालाच म्हणता येणार नाही. पण पहिल्या चोवीस तासांत शेजारी जागं माणूस हवं आणि त्याला तुमच्या गोळ्या, तुमची अ‍ॅलर्जी, तुमचे आजार माहीत हवेत. आईला सांगायचं नसेल तर रूममेटला तरी सगळं सांगा, अर्धवट नको.

राजुरीला जाऊ का?

आईला सांगितलं की ती काय म्हणणार ते ठरलेलं. "तिथे कोण करणार तुझं? गावाला ये."

समजा, तुमचं घर जुन्नर तालुक्यातल्या राजुरीचं. पुण्याहून नाशिक रस्त्यानं चाकण, मंचर, नारायणगाव करत आळेफाटा, तिथून कल्याण-अहिल्यानगर रस्त्याला वळायचं. शंभरेक किलोमीटर. चाकणचा ट्रॅफिक लागला तर किती तास, ते विचारू नका. आईच्या हातचं जेवण आणि शांत झोप यांना तोड नाही, हे मान्य. पण पहिल्या दहा दिवसांत नळी काढायची असते, टाके काढायचे असतात, पट्टी बदलायची असते. त्या फेऱ्या एसटीनं करणार? आणि पोटाच्या सर्जरीनंतर तीन-चार तास पाय मुडपून बसणं ही गुठळीला दिलेली दावतच. तेव्हा पहिले दहा दिवस आईला पुण्यात बोलवा, मग तुम्ही राजुरीला जा. जाताना गाडी दर तासाला थांबवून चार पावलं चाला.

गावी गेल्यावर तूप ताटात भरपूर, जखमेवर नाही (कावसजीच्या काळात अँटिबायोटिकचं मलम नव्हतं!). हळद दुधात चालेल, टाक्यांवर नको. गोठ्यात जखम उघडी घेऊन जायचं नाही. शेतात फेरफटका मारावासा वाटेल, पण ताज्या व्रणावर ऊन पडलं की तो काळपट होतो आणि मग महिनोन्‌महिने तसाच राहतो. सनस्क्रीन, टोपी, ओढणी, जे असेल ते. आपल्या पुणेरी मुलींचा तो डोळ्यांपुरता उघडा स्कार्फ इथे खरोखर कामाचा, फक्त नाकावर आवळायचा नाही.

व्रणाचंही स्वतःचं वेळापत्रक असतं. पहिले दोन-तीन महिने तो जास्तच लाल आणि जाड दिसतो. मग हळूहळू मऊ आणि फिका होत जातो, त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टर सिलिकॉन जेल आणि मसाज सांगतात. छाती, खांदे आणि कानाच्या पाळ्या इथे काहींना कीलॉइड, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणारा व्रण होतो. कान टोचल्यावर घरात कुणाला गाठ आली होती का, हे आत्यालाच विचारा. तिला सगळं माहीत असतं.

आणि पारावरचे प्रश्न? "काय रे, नाकाला काय झालं?" याचं एक उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तेच सांगायला लावा. दोन उत्तरं बाहेर पडली की संपलं.

कडबाकुट्टीची दुसरी बाजू

पण राजुरीकडे निघालोच आहोत तर हेही बोलू. गोठा आहे त्या घरी प्लॅस्टिक सर्जनची गरज नाकासाठी क्वचित लागते. ती लागते कडबाकुट्टीसाठी. वैरण सारताना हात आत ओढला जातो आणि क्षणात बोट तुटतं. ते बोट जोडणारा डॉक्टर प्लॅस्टिक सर्जन असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. मायक्रोस्कोपखाली मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्या शिवतात. पुण्यात या विद्येची दुसरी बाजू जुनीच आहे. विख्यात ब्रिटिश सर्जन गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अँटिया १९५०च्या दशकात कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांची बसलेली नाकं आणि वाकडी झालेली बोटं दुरुस्त करत होते. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातही त्यांनी हे काम चालवलं.

इथली तयारी महिनाभराची नसते, पाच मिनिटांची असते. आणि ती बरेचदा फोनवरून, शहरात बसलेल्या मुलाला किंवा मुलीला सांगावी लागते. म्हणून पाठच करा. आधी मशीन बंद. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं, हात उंच. दोरी करकचून बांधायची नाही, हळद-चुना-कॉफी काही टाकायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी तुटलेलं बोट शोधायचं, स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवायचं, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून मरतं, पाण्यात बुडवलं तर फुगतं. थोडंसं लटकत असेल तर तोडायचं नाही. दुसऱ्या बोटांतल्या अंगठ्या काढायच्या. पेशंटला चहा-पाणी द्यायचं नाही, ऑपरेशन होणार आहे. १०८ ला फोन करायचा आणि निघण्याआधी हॉस्पिटलला एकच प्रश्न, "बोट जोडणारे सर्जन आत्ता हजर आहेत का?" नाहीतर आळेफाटा, नारायणगाव, मंचर अशा तीन ठिकाणी थांबून पुण्यात पोचेपर्यंत वेळ निघून जातो. बोट थंड ठेवलं असेल तर बारा तास, कधी त्याहून थोडे जास्तही हाताशी असतात. पण मनगटासकट हात तुटला असेल तर, त्यात स्नायू असल्यामुळे, थंड न ठेवता साधारण सहा तासांतच खेळ संपतो.

जोडलेल्या बोटाचं बरं होणंही आधी सांगितलं तसंच. तंबाखू बंद, आणि खोलीत शेजारी बसून बिडी ओढणाऱ्या काकांनाही बाहेर काढायचं. मग कित्येक आठवडे पट्टी, आणि नंतर कित्येक महिने व्यायाम, रोज, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही. तो केला नाही तर बोट जागेवर राहतं, पण वाकत नाही.

यात सुट्टीचा प्रश्न अवघड होतो, कारण गाईंना रजेचा अर्ज देता येत नाही. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्याच असतात. बाबांचा हात दोन-तीन महिने गळ्यात अडकलेला असताना ते कोण करणार, वैरण कोण कापणार, दूध डेअरीत कोण घालणार, हे हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्याच ठरवावं लागतं. शेजारच्या काकांना फोन करा, मोबदला ठरवा, आणि तुमच्या शिल्लक रजा आधी त्या कॅलेंडरवर टाका.